मेलेलं ढोर ओढणार कोण

पाथरजांबच्या कड्यावरची गिधाडं वाचवायचा आराखडा मी लिहिला. तो वाचून गावाने मला एकच प्रश्न विचारला, मेलेली ढोरं ओढायला तुमची माणसं कधीपासून येतील? एवढं सांगितलं की गोष्ट संपली, असं कुणालाही वाटेल. माझा राग मात्र संपलेला नाही, म्हणून पुढचंही सांगते.

पाथरजांब हे आमचं मूळ गाव, चांदवडच्या डोंगरात, मनमाडच्या अंगाला. माझे वडील तरुणपणीच सातपूरला कंपनीत लागले आणि मी तिथल्या कॉलनीतच वाढले. गावात राहिले ते माझे मोठे चुलते पुंजारामनाना आणि सुलाकाकू. नाना मनमाडला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बौद्धवाड्यातलं घर नव्याने बांधलं. लहानपणी सुट्टीत गेले की ते मला कड्याखाली न्यायचे आणि आम्ही दोघं मान वर करून बघत बसायचो. एवढं मोठं धूड, पण उडताना पंख हलवायचं नाव नाही! शाळेत आवडत्या पक्ष्यावर निबंध आला तेव्हा सगळ्या वर्गाने मोर लिहिला आणि मी गिधाड लिहिलं. बाईंनी वही परत दिली, म्हणाल्या, "शी, दुसरं काहीतरी लिही." तेव्हापासूनच मी चिडलेली आहे म्हणा ना.

आता मी नाशिकच्या एका वन्यजीव संस्थेत काम करते. गिधाडं का संपली हे आता नवीन राहिलेलं नाही. गुरांना टोचायच्या एका वेदनाशामक औषधाने त्यांचा घात केला. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची किडनी निकामी. औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. पाथरजांबच्या कड्यावर थोडी उरली, तर त्यांना खायला नाही. पूर्वी जनावर मेलं की माळावर टाकत. आता ओढ्यात ढकलतात, नाहीतर जेसीबी बोलावून पुरून टाकतात. त्यातच कड्याच्या पायथ्याची खडी काढायला एक ठेकेदार टपून बसला होता. गावाच्या देवळाला सभामंडप बांधून देतो, असं तो सांगत फिरत होता. एकदा सुरुंग लागले की पक्षी घरटी सोडून जाणार आणि परत येणार नाहीत.

म्हणून आराखडा. कड्याजवळ खाण नको, औषधांच्या दुकानात ते विष नको, आणि माळावर कुंपण घालून एक जागा, जिथे ते औषध न दिलेली मेलेली जनावरं आणून टाकायची. ग्रामसभेने तो मंजूर केला तर खाणीचा अर्ज मागे पडणार होता. नाही केला तर सुरुंग. इतकं सरळ होतं ते.

आधी गावातल्या जैवविविधता समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष वाल्मीकआप्पा. कांद्याची मोठी शेती, मुलगा पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत, बोलणं गोड, लहान पोरालाही अहोजाहो करणारा माणूस. त्यांनी चष्मा लावून सगळा आराखडा वाचला. मला वाटलं, चला, निदान वाचतो तरी आहे.

"लय भारी केलंय, ताई," आप्पा म्हणाले. "आपल्या गावाचं नाव होईल. फक्त एक राहिलं. ती ढोरं माळावर नेणार कोण?"

"ज्याचं जनावर तो नेईल की," मी म्हणाले. "ट्रॅक्टर काय कमी आहेत गावात?"

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना खरंच वाटलं. संतोष नावाचा एक तरुण सदस्य होता, त्याने समजूत घातल्यासारखं सांगितलं, "ताई, आपल्यात मेलेल्याला हात लावत नाय."

आपल्यात! मी कोणाची पोरगी, माझं घर गावाच्या कुठल्या टोकाला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"त्याला काय अवघड हाय?" आप्पा म्हणाले. "बौद्धवाड्यातली चार पोरं लावू. पयल्यापासून त्यांचंच काम व्हतं ते. त्यांना त्यातलं कळतं. आन आता तर सरकारी योजना म्हणल्यावर मानच हाय. ताई, तुमच्याच माणसांना काम मिळतंय. तुमाला तर आनंद व्हायला पायजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर शिवी परत देता आली असती. हा माणूस तर उपकार करत होता!

नानांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावची मेलेली ढोरं ओढायचे. त्यांचे वडीलही. त्याबद्दल विचारायची सोय नव्हती, जनावर पडलं की निरोप यायचा आणि हातातली भाकरी ठेवून निघायचं. बाबासाहेबांनी सांगितलं, हे सोडा. धम्म घेतल्यावर आजोबांनी चावडीसमोर दोर टाकला आणि घरी आले. गावाने पाणी तोडलं, काम तोडलं, दळणाला चक्की बंद केली. आजी मैलोन् मैल जाऊन पाणी आणायची. पण दोर पुन्हा हातात आला नाही. त्या एका नकारावर नाना रेल्वेत गेले, माझे वडील कंपनीत गेले आणि मी पक्षी बघत हिंडू शकले. आणि आता तोच दोर, माझ्या आराखड्याच्या कागदात गुंडाळून, आमच्या पोरांना परत द्यायचा?

मी म्हणाले, "हे मी लिहिणार नाही."

"तुम्ही नका लिहू," आप्पा शांतपणे म्हणाले. "आम्ही ठरावात घालतो."

मी नाशिकला येऊन उज्वलामॅडमसमोर आदळले. उज्वलामॅडम आमच्या संस्थेच्या प्रमुख. पक्ष्यांसाठी अर्धं आयुष्य घालवलेली बाई, मी त्यांना मानते, म्हणूनच जास्त लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "भाषा बदलूया ना. 'या कामाचं पारंपरिक ज्ञान असलेल्या स्थानिक समुदायाचा सहभाग.' असं लिहिलं तर?"

"मॅडम, ते ज्ञान नव्हतं. ती सक्ती होती."

"मला कळतंय गं. पण खाणीचं बघ. घरट्यांचा हंगाम तोंडावर आलाय. एवढ्या एका कलमासाठी सगळं घालवायचं?"

एवढं एक कलम! मी आराखड्यातलं धोक्यांचं पान उघडलं. औषध, उपासमार, खाण, विजेच्या तारा. त्याच्याखाली पेनाने लिहिलं, जात. मॅडमनी पेन घेतलं आणि हळूच रेघ मारली. "हा सामाजिक मुद्दा झाला, साक्षी. आपली संस्था वन्यजीवांची आहे."

जनावर मेल्यावर ते माळापर्यंत जाणार की नाही हे ज्याच्यावर ठरतं, तो मुद्दा सामाजिक. मग गिधाडं कुठे राहतात? समाजाच्या बाहेर? तसं मी बोलले, जरा जोरातच बोलले. शेजारच्या खोलीतली माणसं टायपिंग थांबवून ऐकत होती. मॅडम शेवटी म्हणाल्या, "ग्रामसभेत तू बघ काय ते. मी आड येणार नाही." तेवढं तरी त्यांनी पाळलं.

ग्रामसभेला वनखात्याचे साहेब आले होते, म्हणून गर्दी चांगली होती. बायकाही आल्या होत्या. आप्पांनी आराखडा वाचून दाखवला आणि शेवटी, आवाज जराही न बदलता, मृत जनावरे वाहून नेण्याचे काम बौद्धवाड्यातील तरुणांकडे राहील, हे वाक्य वाचलं. टाळ्यांच्या बेतात असलेल्या सभेत नाना उभे राहिले.

"आप्पा, आमचा बाप मेला तवा खांदा द्यायला तुमच्यातलं कोणी आलं नव्हतं," नाना म्हणाले. "आम्ही बोलावलं बी नव्हतं. आमचं आम्ही उचललं. तुमचं तुम्ही उचला."

"पुंजाराम, तू उगं जुनं काढतो," मागून कोणीतरी म्हणालं.

मग माझा तोल गेला. आधी ठरवलेलं सगळं विसरले. "जुनं कोण काढतंय? ठरावात कोणी घातलंय? पोळ्याला बैलाच्या पाया पडता, पुरणपोळी भरवता. वसुबारसेला गाय ओवाळता. जिवंत आहे तोवर ती तुमची आई, आणि मेली की आमची? आई मेल्यावर कोणी शेजारच्या वस्तीत निरोप पाठवतं का, की येऊन ओढून न्या म्हणून?"

वनखात्याचे साहेब टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते. आणि बायकांतून आवाज आला, "पोरगी खोटं काय बोलली?"

त्या चतुराबाई, आप्पांच्या मंडळी. डोक्यावरचा पदर दाताखाली धरून, पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माझी गाय मी धुते, मी पिळते. तिचं शेण काढते. मेल्यावरच कसला विटाळ येतो?"

घरातूनच वार झाल्यावर आप्पांचं तोंड उतरलं. साहेब बघत होते, शिवाय स्थानिक पेपरचा एक वार्ताहर मोबाईल धरून होता. आप्पांनी घसा खाकरला आणि छाती काढून म्हणाले, "लिहा मग. ज्याचं जनावर त्यानं न्यावं. अन् पयलं पडंल ते माझं असलं तरी मी नेईन!" टाळ्या पडल्या. आराखडा मंजूर झाला, खाणीचा अर्ज बारगळला. मी घरी येऊन काकूच्या गळ्यात पडले. राग पहिल्यांदाच जरा निवला होता.

आणि पहिलं जनावर आप्पांचंच पडलं. चतुराबाईंची गंगी. ओला घास जास्त खाल्ला, पोट फुगलं आणि डॉक्टर यायच्या आत गेली. आप्पांनी सवयीने बौद्धवाड्यात निरोप पाठवला. बघा, सवय! नानांनी निरोप्याला सांगितलं, "त्यांना म्हणावं, ठराव वाचा." मग आप्पांनी ट्रॅक्टर काढला. गंगीच्या कपाळाला हळदकुंकू लावून चतुराबाईंनीच रडत रडत तिच्या पायांना दोर बांधला. आप्पा तोंडाला उपरणं गुंडाळून, गावातला रस्ता सोडून, मागच्या पांदीने ट्रॅक्टर घेऊन माळावर गेले. मी खात्री करून घेतली होती, गंगीला कसलंच औषध टोचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण घेऊन माळाच्या कडेला बसले. चतुराबाई आल्या आणि शेजारी बसल्या. आधी कावळे आले, मग कुत्री. ऊन तापल्यावर कड्यावरून एक गिधाड सुटलं, मग दुसरं, आणि मग मोजायचं मी सोडूनच दिलं. इतकी होती? मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होती! भांडत, एकमेकांच्या पाठीवर चढत, लग्नात पहिल्या पंगतीला घुसणाऱ्या वऱ्हाड्यांसारखी. त्यातली काही पिल्लं होती, पहिल्याच वर्षाची. मी रडत होते आणि हसत होते. मी दुर्बीण चतुराबाईंना दिली. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि ती परत दिली.

"पोटभर खा म्हणावं," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट मला इथेच थांबवायला आवडली असती. उज्वलामॅडमनी तशीच थांबवली. त्यांनी फोटो मागवून घेतले आणि लोकसहभागाचं यश म्हणून संस्थेच्या पानावर टाकले.

त्यानंतर गावात हरिनामाचा सप्ताह बसला. आप्पा दरवर्षी काल्याच्या पंगतीत बुंदी वाढायचे, बादली घेऊन, कमरेला उपरणं बांधून. तो त्यांचा मान होता. यंदा त्यांनी बादली उचलली तर संतोषने ती हातातून घेतली. "आप्पा, तुमी बसा. आमी वाढतो." आप्पा बसले तर शेजारच्याने पत्रावळ सरकवून घेतली. आप्पांच्या भावकीतली एक सोयरीक ठरत आली होती, तीही पुढे ढकलली गेली. लोक आपसात म्हणत होते, आप्पानं ढोर ओढलं. हे मला काकूने फोनवर सांगितलं. खोटं कशाला बोलू, ऐकून मला वाईट वाटलं. ज्याने एकदाच ते काम केलं, स्वतःच्या गाईसाठी केलं, त्याच्याशी गाव असं वागतं, तर आजोबांशी कसं वागलं असेल? आणि मला असंही वाटलं, आता निदान एका माणसाला तरी कळलं असेल.

पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी गावात होते. संध्याकाळी आप्पा नानांच्या दारात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या ओट्यावर चढले. नानांनी खुर्ची पुढे केली, काकूने चहा टाकला. आप्पा वाळले होते. ते पंगतीचं सांगू लागले.

"पत्रावळ सरकवली हो, नाना. माझ्या शेजारची. माझ्याच हाताखाली वाढलेलं पोरगं." ते डोळे पुसू लागले. नानांना एरवी ते पुंजाराम म्हणायचे, आज नाना म्हणाले. "असं वाटलं, जमीन फाटावी. तुमी लोकांनी कसं काढलं असंल, ते मला त्या दिवशी कळलं बघा."

नानांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सभेत मी ह्या माणसाला काय काय बोलले होते! काकूने चहाचा कप त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला.

"आताच घेऊन निघालो, वहिनी," आप्पा म्हणाले. कपाला त्यांनी हात लावला नाही.

काकू तिथेच उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी कपाकडे.

"तर म्हणून आलो," आप्पा पुढे सरकून बसले. "उद्या ते कलम बदलून घेऊ. पयल्यासारखं करू. तुमच्या पोरांनी न्यावं. बाकी सगळा आराखडा तसाच राहील, खाण बी येऊ देत नाय, माझा शब्द. पण ढोर ओढायचं तेवढं तुमी घ्या. आमच्या लोकांना ते सोसणार नाय, नाना. मला सोसलं नाय. तुमाला सवय हाय."

नानांनी त्यांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

जमीन फाटावी असं ज्याला वाटलं, त्याला त्यातून एवढंच सुचलं होतं, की हे दुःख पुन्हा आमच्या दारात आणून ठेवावं. त्याला कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं. कळूनच आला होता!

"आन तसं नसंल जमत," आप्पा म्हणाले, "तर उद्या ठराव घ्यावा लागंल, की गावातली सगळी मेलेली जनावरं पुरायची. जेसीबी सांगू. गाव एका पायावर तयार हाय. पण मग तुमची पाखरं काय खातील, ते तुमी बघा."

नाना माझ्याकडे वळले. "पोरी, पाखरं तुझी हायेत. तूच सांग."

पिल्लं अजून कड्यावर होती. एका गाईवर ती किती दिवस काढतील, हे मला त्या दोघांपेक्षा चांगलं माहीत होतं. कुंपणाची जागा तयार होती, खाण थांबली होती, सगळं सगळं तयार होतं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर कड्यावरचं एकही पाखरू उपाशी राहिलं नसतं, आणि आमच्या वाड्यातली चार पोरं पुन्हा दोर घेऊन गावाच्या हाकेची वाट बघत बसली असती. आयुष्यात मला इतका संताप कधी आला नव्हता. मी ज्याच्यासाठी जन्मभर भांडले, ते माझ्याच तोंडून मारायला हा माणूस इथे येऊन बसला होता, आणि चहासुद्धा पीत नव्हता.

"पुरा," मी म्हणाले.

आप्पांना वाटलं होतं मी नमेन. ते उठले आणि ओट्याखाली उतरून चपला घालू लागले. तिथूनच वर बघून, अगदी मनापासून हळहळत म्हणाले, "विचार कर, पोरी. हट्टापायी पाखरं मारशील."

"पाखरं मरतील, आप्पा," मी म्हणाले. "पण माझ्या हट्टाने नाही, तुमच्या विटाळाने मरतील."